धुऱ्यावरचा दगड

आमच्या घरी लग्न असो की तेरवी, जेवणं उरकून माणसं सतरंजीवर लवंडली की कोणीतरी म्हणतंच, “काका, सिस्टरची सुई सांगा ना.” मी आढेवेढे घेतो. आढेवेढे घेता घेता मांडी नीट घालतो, घसा खाकरतो, तांब्या जवळ ओढतो. मग सांगतो, की लहानपणी माझा थोरला भाऊ सुईच्या भीतीनं कडुलिंबावर चढला आणि सिस्टर खाली खुर्ची टाकून स्वेटर विणत बसल्या. दिवस कलला, भूक लागली, तेव्हा तो उतरला. त्या म्हणाल्या, “ये राजा. आधी सुई, मग भाकर.” भाऊ आता आजोबा झाला आहे, पण या ठिकाणी सगळे त्याच्याकडं बघून हसतात आणि तोही टोपी डोळ्यांवर ओढून हसून घेतो.

गोष्ट मी तिथंच थांबवतो. सिस्टरचं पुढं काय झालं असं कोणी विचारलंच, तर “म्हातारपणानं गेल्या” म्हणतो आणि चहा कोणाकोणाला पाहिजे ते विचारत सुटतो. भाऊ तेव्हा उठून बाहेर गेलेला असतो.

पुढचं तोंडानं सांगायला मला कधी जमलं नाही. म्हणून लिहितो आहे.

सिस्टर आमच्या गावच्या नव्हत्या. सोनाळ्याच्या अलीकडं, सातपुड्याला पाठ टेकून बसलेलं आमचं गाव. तिथल्या सरकारी उपकेंद्रात त्या नर्स म्हणून आल्या, निवृत्त झाल्या आणि परत गेल्याच नाहीत. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच. पण माझ्या वयाच्या कोणाही माणसाला त्या चारचौघांत “तुझी नाळ मी कापली आहे” असं ऐकवत, त्यामुळं त्यांच्यासमोर आवाज चढवायची कोणाची टाप नव्हती. त्यांच्या नवऱ्याला गाव ‘मिस्टर’ म्हणायचं. उंच, अबोल माणूस. दोरी लावून, सरळ रेषेत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पेरायचे. गाव हसायचं, आणि जाता-येता थांबून त्या रेषांकडं बघतही राहायचं. आमच्या वावराला लागूनच त्यांनी जमिनीचा एक लांबट तुकडा घेतला होता.

मिस्टर गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. गावात त्यांच्या लोकांची वेगळी स्मशानभूमी नाही. आपल्याच वावरात, धुऱ्याला ठेवा, असं ते सांगून गेले होते. माझ्या वडिलांनी आणि भावानं बाभळीच्या बाजूला खड्डा खणला. वर नदीतला एक काळा दगड आणून ठेवला, त्यावर छिन्नीनं क्रूस कोरला. माती टाकून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, “माझी जागा यांच्या डाव्या हाताला. विसरू नका.”

“नाई विसरत, सिस्टर,” वडील म्हणाले. भाऊ फावडं धरून बाजूलाच उभा होता. त्यानंही मान हलवली.

आता धुऱ्याबद्दल सांगायला पाहिजे. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधला, नांगर न लागलेला गवताचा उंचवटा. हद्द म्हणतात ती तीच. आणि आमच्याकडं धुरा कोरला नाही असा शेतकरी शोधूनही सापडणार नाही. त्यात चोरीसारखं काही दिसतच नाही. वखर हाणता हाणता बैल जरा पलीकडं जातात, एखादं तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्तीचं निघतं. शेजाऱ्यानं बोलावं तर कोणत्या तोंडानं? त्याचेही बैल त्याच्या शेजाऱ्याकडं सरकलेलेच असतात. मुद्दाम असं कोणी करत नाही. फक्त चुकून कोणाचे बैल कधी अलीकडं आलेले मी पाहिले नाहीत.

बैल होते तोवर दगडाला वळसा तरी पडायचा. मग भाड्याचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर वरूनच ओरडायचा, “दगड जरा बाजूले घ्या ना भाऊ, पातं तुटन!” मग आम्ही दोघं भाऊ दगड उचलायचो. अगदी अदबीनं, चपला काढून. धुऱ्यावर नेऊन ठेवायचो, क्रूस सिस्टरच्या घराकडं करून. नाताळात माझी बायको त्या दगडाला चुना लावायची, झेंडू वाहायची. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत धुरा आणखी थोडा पलीकडं गेलेला असायचा आणि दगड पुन्हा वाटेत यायचा. पुन्हा चपला काढायच्या. मधे एका वर्षी बाभळीची सावली पिकावर पडते म्हणून ती तोडली. नंतर ठिबक टाकलं, वांगी लावली. दर हंगामातली पहिली टोपली सिस्टरकडं जायची. “तुमच्या वांग्यांना काय गोडी आहे,” असं त्या म्हणायच्या.

दगड मात्र कायम धुऱ्यावरच होता. “यांचा दगड आहे ना रे नीट?” असं त्या विचारायच्या. “हाव सिस्टर, धुऱ्यावर हाये,” असं म्हणताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही. शब्द न् शब्द खरा होता.

रविवारी सकाळी सिस्टरच्या अंगणात बैठक भरायची. आम्ही सगळे “सिस्टरचं पुस्तक” ऐकायला जायचो, म्हणजे बायबल. धर्म कोणी बदलला नाही आणि तशी गळ त्यांनी कोणाला घातलीही नाही. गोष्टी रंगतदार असायच्या आणि सोबत चहा-टोस्ट असायचा. माझं म्हणाल तर क्रम उलटा होता. तिथंच आम्ही लुटीतला माल चोरून तंबूखाली पुरणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकली. चोरी त्याची एकट्याची, पण हार सगळ्या फौजेची झाली. यावर पलीकडच्या धुऱ्याचा आमचा शेजारी भडकला होता.

“हे काय बापा! एकानं लपवलं अन् मार सगळ्याईले?”

“तंबूत तो एकटाच राहत होता का?” सिस्टर म्हणाल्या. “एवढी जमीन उकरली, ती शेजारच्या कोणालाच दिसली नसेल?”

“दिसली असन. पन त्यायनं काय उकरली होती का?”

“नाही. त्यांनी फक्त तोंड फिरवलं होतं. तू टोस्ट घे.”

दर उन्हाळ्यात, नांगरटीच्या आधी, त्या एक ठरावीक पान वाचायच्या. डोंगराच्या पायथ्याशी सगळी माणसं उभी केली आहेत आणि त्यांच्यासमोर एकेक चोरटं पाप मोठ्यानं सांगितलं जात आहे. जे कोणी पाहत नाही, ज्याला साक्षीदार नसतो, असलंच पाप. अमुक करणाऱ्यावर शाप असो, असं म्हटलं की सगळ्यांनी एका आवाजात ‘आमेन’ म्हणायचं. “असाच डोंगर,” म्हणून त्या सातपुड्याकडं हात करायच्या. सगळ्यांनी का म्हणायचं, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “लपून केलेलं पकडणार कोण? म्हणून प्रत्येकानं आधीच हो म्हणून ठेवायचं. हे माझ्यावरही आहे, आणि शेजारी करत असेल तर ते माझंही काम आहे.” आम्हाला तो कार्यक्रम फार आवडायचा. आरतीची सवय असलेलं गाव आमचं, आमेन असं दणकून म्हणायचं की झाडावरचे कावळे उडायचे.

पुढं सिस्टरच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे, शेवटी उजेड तेवढा राहिला. पुस्तक वाचायला कोणीतरी पाहिजे होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात माईक माझ्याच हातात असतो, तेव्हा दुसरा कोण असणार? मला कोणी विचारायच्या आधीच मी चष्मा पुसून तयार होतो.

तो उन्हाळ्यातला रविवार. सिस्टरनी पान काढायला लावलं. मी उभा राहूनच वाचायला लागलो, लग्नात आहेर पुकारावा तशा आवाजात. सुरुवातीचं झालं, आमेन. आईबापाला तुच्छ मानणाऱ्याचं झालं, आमेन. माझी बायको म्हाताऱ्या सासूकडं बघून जरा जास्तच जोरात म्हणाली. आणि मग पुढच्या ओळीवर माझी नजर गेली. इतक्या वर्षांत ती ओळ मी ऐकलीच नव्हती. शेजाऱ्याच्या जमिनीची खूण सरकवणाऱ्याबद्दल होती ती.

बाजूलाच भाऊ चहात टोस्ट बुडवत होता. पलीकडच्या धुऱ्याचा शेजारी समोर होता. मी ती ओळ सोडली आणि खालची वाचली. आंधळ्याला वाट चुकवणाऱ्यावर शाप.

“आमेन!” गाव दणकून म्हणालं. सवयीनं मीही म्हणालो. आपण आत्ता काय केलं ते तोंड मिटल्यावर माझ्या ध्यानात आलं.

सिस्टरनी हात वर केला. “एक राहिलं.”

“कोनतं, सिस्टर?”

“आईबाप झाले. आंधळा झाला. मधलं एक राहिलं.”

“पान चिकटलं असन,” माझी बायको मदतीला धावली.

“हाव, चिकटलंच होतं,” मी म्हणालो.

“मग सोडव,” सिस्टर म्हणाल्या.

मी वाचलं. लग्नातला आवाज कुठल्या कुठं गेला होता. कावळे उडाले नाहीत. पलीकडचा शेजारी चपलेचा अंगठा तपासत होता. भावाचा टोस्ट कपात विरघळून बुडाला तरी त्याचा हात तसाच वर होता. सिस्टर वाट पाहत बसल्या, मान जराशी तिरपी करून, आमेन कुठल्या बाजूनं येतं ते ऐकावं तशा. कुठूनच आलं नाही.

“बरं. पुढं वाच.”

पुढं विधवेचा न्याय बिघडवणाऱ्याचं होतं. त्या पुस्तकात आमच्याच गावचा तलाठी लपून बसला आहे की काय, असं मला वाटायला लागलं. त्या दिवशी दुसरा चहा कोणी मागितला नाही.

दुपारी वांग्यांत पाणी सोडताना भावानं मला गाठलं.

“तुले वाचाले कोन सांगतलं होतं बे?”

“पुस्तकात होतं, भाऊ.”

“लगनात माईक हाती आला त नवरदेवाच्या मामाचं नाव गायब करते तू. अन् आजच सगळं वाचाचं सुचलं?”

“म्या सोडलंच होतं. सिस्टरनं पकडलं.”

तो खाली वाकला. ठिबकची नळी उगाच सरळ करत राहिला. मी विचारलं, “भाऊ, मिस्टर कोठी हायेत? खड्डा तू खणला होता.”

“बाभळीच्या बाजूले.”

“बाभूळ कोठी होती?”

त्यानं वर पाहिलं. वांग्यांच्या सऱ्यांमधून थोडा चालला, थांबला, मागं वळला, विहिरीकडं पाहिलं, पुन्हा चालला. “अठी,” म्हणाला. मग म्हणाला, “नाई. थोडं तिकडं.” मग तिथंच मटकन बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “अठीच कोठीतरी हायेत बे,” म्हणाला.

सरकारी मोजणी आणू, असं मी म्हणालो. माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला अशा वेळी मोजणी, अर्ज, तालुक्याला संग्रामपूरची चक्कर असलंच काही सुचतं. भाऊ म्हणाला, “मोजनीनं धुरा निंघन. मानूस कसा निंघन?”

सिस्टरना सांगायला पाहिजे, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. सांगायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. मी मनात भाषण जुळवलं. सुरुवातीला काळाचा महिमा होता, मधे यंत्रयुग आणि शेवटी क्षमा. वांगी घेऊन गेलो आणि डोळ्यांत टाकायच्या औषधाबद्दल बोलून परत आलो. पुन्हा गेलो, तेव्हा पावसाबद्दल बोललो. असा उन्हाळा गेला, नांगरट झाली, दगड पुन्हा थोडा सरकून शहाण्यासारखा धुऱ्यावर उभा राहिला, पेरण्या झाल्या. आणि एका सकाळी भाऊच निघाला. मला म्हणाला, “तुह्यानं होत नाई.”

मी मागोमाग गेलो, पण फाटकाच्या आत गेलो नाही. बाहेर मोटारसायकलला उगाच किक मारत उभा राहिलो.

“सिस्टर, दगड हालला,” भाऊ म्हणाला.

“वाऱ्यानं?”

“नाई. आमी हालवला. धुऱ्यासंगं. लय वर्षं झाली.”

मग त्या म्हणाल्या, “बस खाली. सुई नाही टोचत.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“मला दिसत होतं तेव्हाच मी पाहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “मागच्या दारातून. तुम्ही दोघं चपला काढून दगड उचलत होता. मला वाटलं, नांगरून झालं की परत ठेवतील. दुसऱ्या वर्षी कळलं, ठेवणार नाहीत.”

“मंग बोलल्या काऊन नाई?”

“तुझी आई दूध पाठवायची. मला दम लागला की दवाखान्यात न्यायला तुमचीच गाडी यायची. तुमच्याशी वाकडं घेऊन मी या गावात एकटी कशी राहिले असते? म्हणून ती ओळ मी दरवर्षी वगळत आले. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून वगळते, असं म्हणायचे मनाशी. पण ती ओळ वाचली असती, तर मलाही आमेन म्हणावं लागलं असतं ना. पाहून गप्प बसणारी मीच होते.”

“मंग आता काऊन वाचाले लावली?”

“आता मला जागा लागेल.” मग त्यांनी विचारलं, “कुठं आहेत ते?”

“हायेत अठीच कोठीतरी, सिस्टर.”

“तू खणला होतास ना रे खड्डा?”

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. अजूनही त्याला आठवेल अशी थोडी आशा त्या आवाजात होती, आणि ती मला बाहेर उभ्या उभ्या ऐकू आली. मी आणखी एक किक मारली.

“बाहेर तुझ्या भावाची गाडी सुरू होत नाही वाटतं,” सिस्टर म्हणाल्या. “बंदच ठेव म्हणावं, आणि आत ये.”

मी आत गेलो. भाषणातलं एक वाक्य आठवेना. त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. त्यांचा हात हवेत माझं डोकं शोधत होता, तो माझ्या कानाला लागला. लहानपणी धरायच्या तसा त्यांनी कान धरला, पण पिळला नाही. नुसताच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून भावानं भरात आलेली वांगी उपटायला सुरुवात केली. आई ओरडली, वहिनी रडली, तो ऐकेना. लोखंडी पहार घेऊन जागोजागी टोचून बघायचा, माती कुठं पोकळ लागते का म्हणून. रोटाव्हेटर फिरलेली जमीन ती, सगळीकडं सारखीच भुसभुशीत. गावातली म्हातारी माणसं येऊन जागा दाखवायची. प्रत्येकाची बाभूळ वेगळ्या ठिकाणी होती. सिस्टर रोज विचारायच्या, “सापडले का रे?” भाऊ म्हणायचा, “पाहून राह्यलो, सिस्टर.” नंतर नंतर त्यांनी विचारायचं सोडलं, तेव्हा तर त्याला त्यांच्या फाटकावरून जाववेना. तो लांबच्या रस्त्यानं वावरात जायला लागला.

थंडीत त्या गेल्या. तालुक्याच्या गावाहून चर्चचे पाळक आले, तरुण आणि घाईत असलेले. धुऱ्यावरचा चुना लावलेला दगड बघून म्हणाले, “यांच्या यजमानांची कबर हीच ना? मग डावीकडं घेऊ.”

सगळं गाव उभं होतं. सगळ्यांना माहीत होतं. क्षणभर मला वाटलं, असंच होऊ द्यावं. दगडाच्या डावीकडं ठेवू, पाळक जातील, प्रश्न मिटेल. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण भावानं माझ्याकडं बघितलं आणि पुढं झाला.

“अठी दगड हाये नुसता,” तो म्हणाला. “मानूस नाई. मानूस आमच्या वांग्याइत हाये, अन् कोठी हाये ते मले माहीत नाई. हे आमी केलं.”

पलीकडच्या धुऱ्याचा शेजारी घसा खाकरून म्हणाला, “आमाले दिसत होतं.” एवढंच म्हणाला, पण म्हणाला.

पाळकांनी पुस्तक मिटलं. घाई कुठं गेली कोण जाणे, त्यांनी बूट काढले आणि बाजूला उभे राहिले. भावानं वांग्यांच्या पट्ट्यात एक जागा ठरवली, जिथं त्याचं मन सगळ्यात जास्त वेळा अडलं होतं ती. ट्रॅक्टरवाल्यानं यंत्रानं खणू का विचारलं, भाऊ नाही म्हणाला. आम्ही दोघांनी हातानं खणलं, हळूहळू, फावड्याचा प्रत्येक घाव ऐकत. एरवी खणताना जुनं हाड लागू नये म्हणून जपतात. आम्ही लागावं म्हणून जपत होतो. भाऊ कमरेइतका खाली गेला, छातीइतका गेला. काळी माती, मग मुरूम. दुसरं काहीच लागलं नाही.

“भाऊ, पुरे,” मी म्हणालो.

“जरा डावीकडं पाहतो बे.”

“पुरे, भाऊ.”

त्याला वर ओढून घेतलं तेव्हा त्याच्या हाताला पकड नव्हती. सिस्टरना तिथं ठेवलं. नवऱ्याच्या कोणत्या हाताला आहेत, जवळ आहेत की लांब, हे सांगू शकेल असं आता कोणी नाही. पाळकांनी प्रार्थना म्हटली आणि शेवटी सगळे आमेन म्हणाले, हळू, आपापल्यापुरतं.

तो पट्टा आम्ही पेरत नाही. विहिरीपासून वावराच्या शेवटापर्यंत तिथं नुसतं गवत आहे. दगड कुठं ठेवावा यावर भावाचं आणि माझं एकमत झालं नाही, म्हणून तो सिस्टरच्या अंगणात, त्या बसायच्या तिथं, आणून ठेवला आहे. बैठक बंद पडली. पलीकडच्या शेजाऱ्यानं मात्र पुढच्या नांगरटीला आपल्या बाजूचा धुरा एका तासाच्या रुंदीइतका मागं घेतला, कोणाला न सांगता, आणि वाकडातिकडा. सगळ्यांनी पाहिलं, कोणी काही बोललं नाही.

यंदा ट्रॅक्टरवर नवा ड्रायव्हर होता, मोताळ्याकडचा. पट्ट्याशी येऊन त्यानं गाडी थांबवली आणि वरूनच विचारलं, “भाऊ, एवढी चांगली जमीन पडीत काऊन सोडली?”

“तठी मिस्टर हायेत आमचे,” भाऊ म्हणाला.

“कोठी?”

भावानं विहिरीपासून पार शेवटापर्यंत हात फिरवला. ड्रायव्हर त्या हाताच्या मागं मागं बघत राहिला. मग त्यानं गाडी वळवली, आणि मी पाहिलं, वळवताना गवतापासून जरा जास्तच लांबून घेतली.